कार्गोची खतावणी

उल्हासनगरात कार्गो म्हणजे पँट. दोन खिसे बाजूंना, दोन मागे आणि दोन गुडघ्यांपाशी. गुडघ्याच्या खिशात माणूस नेमके काय ठेवतो, हे इतकी वर्षे काउंटरवर बसून मला कळलेले नाही. पासबुक मात्र ठेवत नाही, ते तो घरी विसरतो. माझी बँकेची शाखा उल्हासनगरला, बिऱ्हाड बदलापूरला आणि मध्ये अंबरनाथला बहीण राहते. तिचा मुलगा संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. त्याच्याही तोंडी दिवसभर कार्गोच असतो, पण त्याला खिसे नसतात आणि तो फुकट मिळतो. फुकट म्हटल्यावर मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, खुर्ची पुढे ओढून बसलो. दोन रविवार आणि बहिणीचे बरेचसे पोहे खर्ची पडले, तेव्हा इतिहास हाती लागला.

मूळ दुखणे जुने आहे. आमच्याकडे जीन्स शिवतात तेव्हा कापड एकाकडून येते, चेन दुसऱ्याकडून, बटण तिसऱ्याकडून आणि धुलाई चौथीकडे. (वर 'मेड इन यूएसए'. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा आता आजोबा झाली.) प्रोग्रॅमचेही तसेच. तारखेचा तुकडा एकाने लिहिलेला, बेरजेचा दुसऱ्याने. ते क्रमाने जोडायचे काम १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाच्या प्रोग्रॅमकडे सोपवले. त्यात एक विचित्र अट होती. काही ओळी साध्या मोकळ्या जागेने सुरू करून चालत नसे, टॅबचीच कळ दाबावी लागे. ही अट त्रासाची आहे हे फेल्डमनना लवकरच उमगले, पण तोवर डझनभर मंडळी, बहुतेक मित्रच, मेक वापरू लागली होती. त्यांची गैरसोय नको म्हणून अट तशीच राहिली. त्या डझनभरांच्या भिडेखातर पुढच्या पिढ्या आजही टॅब दाबताहेत. 'पहिल्यापासून असंच आहे' हे वाक्य फक्त आमच्या बँकेत जन्मते असे मानणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आमचा कार्गो ज्या भाषेच्या पदरी आहे तिचे नाव रस्ट. ग्रेडन होर या गृहस्थांनी २००६ साली ती स्वतःपुरती सुरू केली. ते व्हँकुव्हरला एकविसाव्या मजल्यावर राहत आणि लिफ्टचा प्रोग्रॅम कोलमडल्यामुळे जिने चढत. आमच्या बदलापुरात लिफ्ट बंद पडली की माणूस सातव्या मजल्यापर्यंत सेक्रेटरीचा उद्धार करत पोचतो आणि दार उघडताच पाणी मागतो. होर वर पोचले ते 'प्रोग्रॅम असा कोलमडतोच कसा?' हा प्रश्न घेऊन. भाषेचे नाव त्यांनी तांबेऱ्यावरून ठेवले. होय, गव्हावर पडतो तोच तांबेरा. ती बुरशी फार चिवट म्हणून. आमच्याकडे बारशाला आत्या असते, त्यामुळे असले प्रकार टळतात. २००९ साली फायरफॉक्सवाल्या मोझिला कंपनीने या भाषेला आश्रय दिला.

भाषा आली, पण तुकड्यांची ने-आण करायला कोणी नव्हते. आधीचे प्रयत्न अर्ध्यावर सोडावे लागले. मग २०१४ साली मोझिलाने यहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्च यांना हे काम दिले. रुबी भाषेसाठी 'बंडलर' नावाचा असाच हमाल ज्यांनी घडवला होता, त्यांत हे दोघे होते. त्यांनी केला तो कार्गो. त्याच वर्षी नोव्हेंबरात तुकड्यांचे सार्वजनिक गोदाम उघडले आणि १५ मे २०१५ ला रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली. गोदामातल्या प्रत्येक तुकड्याला क्रेट, म्हणजे खोका म्हणतात. या शब्दाला अलीकडे महाराष्ट्रात जो अर्थ आला आहे तो इथे नाही. या खोक्यात पैसे नसतात.

प्रत्येक खोक्यावर तीन आकडे असतात. भाच्याने ते मला पँटीवरून समजावले. "मामा, सुटलेला दोरा तोडला की तिसरा आकडा वाढतो. जादा खिसा लावला की दुसरा. आणि तुमचा जुना पट्टा बसेनासा झाला, की पहिला." तुम्ही हवे ते खोके एका चिठ्ठीवर लिहून द्यायचे. त्या खोक्यांना लागणारे आणखी खोके कार्गो स्वतः शोधतो, पहिला आकडा न बदलेल अशा बेताने आणतो, जोडतो आणि कोणता खोका कोणत्या आकड्याचा आणला हे सीलसकट एका वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवतो. तिला लॉक फाइल म्हणतात. ती जवळ असली की अंबरनाथला जे खोके लागले तेच टोकियोलाही येतात. मी म्हटले, "अरे, ही तर आमची खतावणी!"

खतावणीचे आमच्याकडे एक शास्त्र होते. खोडरबर वर्ज्य. नोंद रद्द करायची तर तांबडी रेघ मारायची, सही करायची आणि खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. कार्गोच्या गोदामाने सुरुवातीपासून हाच नियम धरला. सदोष खोका मागे घेता येतो, नव्या माणसाला तो सहसा मिळत नाही. पण ज्याच्या लॉक फाइलीत तो आधीच चढला आहे त्याचे काम अडत नाही. (अगदी नवा किंवा कोणी फारसा न वापरलेला खोका काढून टाकायची सवलत अलीकडे दिली आहे.)

हा नियम नसला तर काय होते? जावास्क्रिप्ट नावाच्या दुसऱ्या भाषेचे गोदाम आहे, एनपीएम. तिथे अझेर कोचुलू या लेखकाचे 'किक' नावावरून एका कंपनीशी वाजले. गोदामाने कंपनीची बाजू घेतली, तेव्हा २२ मार्च २०१६ ला त्याने आपले २७३ तुकडे उचलले आणि तो चालता झाला. त्यात एक 'लेफ्ट-पॅड' होता, अवघ्या ११ ओळींचा. आपण चेक नंबर १२३ च्या डाव्या बाजूला शून्ये लावून सहा आकडे भरतो ना, तेवढेच त्याचे काम. पण त्याच्यावर दुसरे उभे, दुसऱ्यावर तिसरे. जगभर प्रोग्रॅमची जोडणी ठप्प झाली. गोदामवाल्यांनी काही तासांत तो तुकडा परत ठेवला. कोचुलूचा राग मला कळतो. माल त्याचा, मोबदला शून्य, आणि नाव मागायला वकील.

फुकटच्या कामात हीच मेख आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० माणसे कमी केली, त्यात रस्टवर काम करणारेही गेले. ८ फेब्रुवारी २०२१ ला रस्ट फाउंडेशन स्थापन झाले. मोठ्या कंपन्या त्याचे सभासद झाल्या, गोदामाचे भाडे निघू लागले. खोके भरणारे बहुतेक मात्र अजून आपापल्या रात्री जागवतात.

आमच्या भाच्यानेही एक खोका ठेवला आहे. रक्कम आकड्यात दिली की तो ती अक्षरी लिहितो, लाख-कोटींसकट. परवा दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना, पोलंडमधल्या कोणा अनोळखी माणसाचा निरोप आला की तुमच्या खोक्यात एकोणनव्वदच्या जागी एकोणऐंशी येते. हा ताट सारून बसला. रात्री अकराला तिसरा आकडा एकाने वाढला, आणि पोलंडहून 'आभारी आहे' आले. भाचा मला ते मोठ्या अभिमानाने दाखवत होता. बहीण गार झालेल्या करंज्या उचलत म्हणाली, "आणि पैसे कधी देणार म्हणतो तो?"