नियमशास्त्र, गूढज्ञान आणि श्रद्धा

श्रद्धेनेच तारण होते, या ख्रिस्ती सिद्धान्ताचा पहिला कस तत्त्वचर्चेत नव्हे, तर भोजनाच्या पंक्तीत लागला. इ. स. ५० च्या सुमारास अंत्युखिया येथे पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांसह जेवीत असे. यरुशलेमहून याकोबाकडील मंडळी येताच तो वेगळा झाला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. ही हकीकत पौलाच्याच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील होय. पेत्राची बाजू उपलब्ध नाही. सुंता व नियमशास्त्र ही तारणाची अट ठरल्यास परराष्ट्रीयांचे स्थान सदैव दुय्यम राहणार, हे पौलाने ओळखले होते.

दुसऱ्या शतकात पंक्तिभेदाचे निमित्त पालटले. व्हॅलेंटिनसच्या अनुयायांनी मानवांचे तीन वर्ग कल्पिले. गूढज्ञानाचे अधिकारी श्रेष्ठ, केवळ श्रद्धावान मध्यम. १८० च्या सुमारास ल्योंचा बिशप इरेनिअस याने त्यांच्या खंडनार्थ पाच खंड लिहिले. प्रतिपक्षाची ही साक्ष जपूनच घ्यावयास हवी. १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक पोथ्यांमुळे ती काही अंशी पडताळता येते. ग्रंथाविना श्रद्धा जपणाऱ्या ‘रानटी’ जमातींचा त्याने दिलेला दाखला मात्र मार्मिक आहे. कोणी त्यांच्या भाषेत हे नवे मत सांगू लागला, तर ते कान झाकून दूर पळतील, असे तो म्हणतो.