खटल्याला नाव कुणाचं?

मुंबईच्या फुटपाथवासीयांचा खटला म्हटलं की ओल्गा टेलिस हे नाव येतं. त्या पत्रकार. पण फुटपाथवर राहणारेही त्यात याचिकाकर्ते होते. १९८५चं निकालपत्र उघडून बघा. चपला शिवणारा एकजण गावचं घर पडल्यावर १९६९ साली संगमनेरहून आला. तुळशीवाडीतल्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्याने गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू-प्लास्टिकला ७०० लागले. कोर्टाने उपजीविकेला जगण्याच्या हक्कात धरलं, पण पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायची मुभाही दिली. परीक्षेसाठी आपण पहिला भाग पाठ करतो. त्या माणसाचं छप्पर दुसऱ्यावर अवलंबून होतं.

म्हणून कात्रणं वाचताना दोन रकाने आखा: बोलतंय कोण, आणि कुणाबद्दल? दुसऱ्या रकान्यातली माणसं बातमीत गप्प असतील, तर त्यांची कैफियत कोर्टाच्या कागदांत शोधा.