सरकीवरची लव आणि राजापेठेतील फियाट : मोटारीच्या रंगाची शंभर वर्षे

१/ राजापेठेतून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत अजूनही एखाद्या जुन्या घराच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली फियाट उभी असते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि नातवाने आता ‘करून घ्यायची’ ठरवलेली. नातवाचा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, रंगाचा असतो. छत पांढुरके पडलेले असते. बॉनेटवरून हात फिरवला की तळव्याला रंगाची भुकटी लागते. या भुकटीचा इतिहास अमरावतीकराला वाटतो तितका परका नाही. त्यातला मोठा भाग कापसाचा आहे. #थ्रेड

२/ आरंभीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात, कारण रंगवणारे कारागीरही तेच होते. जवसाच्या तेलात खललेला रंग, ब्रश, थरावर थर आणि सर्वांवर व्हार्निश. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचे, घासायचे, पुन्हा रंगवायचे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि त्याला घाई चालत नाही. एक गाडी पूर्ण रंगायला काही आठवडे लागत.

३/ हेन्री फोर्डची अडचण नेमकी हीच होती. सरकत्या पट्ट्यावर गाडी काही तासांत जुळायची, रंग मात्र आठवडे खायचा. त्यावर त्याने भट्टीत भाजून लवकर वाळणारा, डांबरयुक्त काळा ‘जपान’ रंग वापरला. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत असे. १९०८ मध्ये ती बाजारात आली तेव्हा ती इतर रंगांतही मिळत होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

४/ इथे कापूस येतो. १८४६ च्या सुमारास बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ शेनबाइन याने कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची प्रक्रिया करून गन कॉटन बनवले. दिसायला कापूसच, पण ठिणगी लागताच भडकणारा. पहिल्या महायुद्धात तोफांच्या दारूसाठी त्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले. १९१८ मध्ये युद्ध संपले आणि एवढ्या नायट्रोसेल्युलोजचे करायचे काय, हा प्रश्न त्या कारखान्यांपुढे उभा राहिला.

५/ या रसायनाचा कच्चा माल म्हणजे जिनिंगनंतर सरकीवर उरणारी आखूड लव. सूत काढण्याच्या कामी ती येत नाही, पण तिच्यात जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. ज्या प्रदेशात प्रत्येक तालुक्याला जिन होता, १८५३ मध्ये ज्याचा कारभार इंग्रजांनी कापसावर डोळा ठेवूनच निजामाकडून घेतला आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात ज्याच्या गाठींना मँचेस्टरच्या बाजारात सोन्याचा भाव आला, त्या वऱ्हाडातील वाचकाला ही लव दाखवून द्यावी लागत नाही. युद्धाचा आणि रंगाचा कापूस बहुतांशी अमेरिकेचाच होता, हेही स्पष्ट असलेले बरे. वऱ्हाडी सरकी ड्युपाँटच्या डब्यात गेली, असा दावा येथे नाही.

६/ १९२० च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील पार्लिन येथे ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत नायट्रोसेल्युलोजचे द्रावण भरलेले एक पिंप काही दिवस तसेच राहून गेले. उघडले तेव्हा आतला दाट लगदा पातळ झालेला होता. सोडियम ॲसिटेटमुळे हे घडले, हे एडमंड फ्लॅहर्टी याच्या लक्षात आले. आता त्यात भरपूर रंगद्रव्य मिसळूनही ते फवारता येऊ लागले. जनरल मोटर्सच्या सहकार्याने त्याचा मोटारीचा रंग झाला, तोच ड्युको. १९२४ च्या ओकलंड मोटारींवर तो निळ्या छटेत झळकला. आठवड्यांचे काम तासांवर आले.

७/ ड्युको वाळतो म्हणजे त्यातला द्रावक उडून जातो. त्याखेरीज कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. म्हणूनच वाळलेल्या थरावर पुन्हा थिनर पडला की तो विरघळतो. पुढच्या साऱ्या डेंटिंग-पेंटिंगचे शास्त्र या एका गुणाभोवती फिरते.

८/ रंगाला गती आली तशी हौस वाढली. १९२० च्या दशकात दुरंगी गाड्यांची लाट आली आणि रंगाऱ्यांची पंचाईत झाली. दोन रंगांमधली रेघ सरळ यावी म्हणून ते वर्तमानपत्राचे कागद गोंदाने चिकटवत, आणि कागद काढताना ताजा रंगही सोलून निघे. अमेरिकेत सेंट पॉल येथील एका गॅरेजात हा वैताग पाहून थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुणाने १९२५ मध्ये मास्किंग टेप बनवली. घराघरातल्या चिकटपट्ट्यांच्या वंशावळीत हे मोटारीचे गॅरेज बरेच वर येते.

९/ त्याच कंपनीने चार वर्षे आधी, १९२१ मध्ये, पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर आणला होता. फ्रान्सिस ओकी या शाईच्या व्यावसायिकाची ती कल्पना. कोरड्या घासकामातून उडणारी, शिसे मिसळलेली धूळ कामगारांच्या फुफ्फुसांत जाई. पाण्याने ती बसली. आज रंगकामाच्या कुठल्याही गॅरेजात बादलीत बुडवून वापरला जाणारा वॉटर पेपर तोच. चकाकी वाढावी म्हणून तो निघाला, असा समज आहे. मुळात तो कामगाराच्या श्वासाच्या प्रश्नातून निघाला.

१०/ जाता जाता : मेक्सिकन भित्तिचित्रकार सिकेरोस मोटारीचा हाच रंग चित्रांसाठी वापरू लागला. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमधील त्याच्या कार्यशाळेत हा रंग ओतणे, ठिबकवणे, उडवणे असे प्रयोग चालत. तिथे येणाऱ्या तरुणांत जॅक्सन पोलॉक हाही होता.

११/ भारतात १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला. रंगाच्या धंद्याची मुळेही मुंबईतच पसरत होती. लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स निघाली होती, तीच पुढे गुडलास नेरोलॅक झाली. १९४२ मध्ये युद्धामुळे आयात रोडावलेली असताना गिरगावातील एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. तिचा ‘गट्टू’ हा खट्याळ मुलगा १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला.

१२/ १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मधली तीन-चार दशके परवान्यांची आणि प्रतीक्षायादीची होती. पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशी गाडी घरात आली की ती पाच वर्षांनी विकून टाकण्याची वस्तू राहत नसे. ती जपली जाई आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा रंगवली जाई.

१३/ कारखान्यात रंग भाजायला भट्टी असते. जिल्ह्याच्या गावातील गॅरेजला ती कुठून परवडणार? त्यामुळे परदेशी कारखाने १९३० च्या दशकापासून भाजलेल्या सिंथेटिक इनॅमलकडे वळत गेले, तरी दुरुस्तीच्या कामात हवेवर वाळणारा नायट्रोसेल्युलोज दीर्घकाळ टिकला. आजही हार्डवेअरच्या दुकानात ‘एनसी थिनर’ मागितला जातो. मागणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते, पण त्या दोन अक्षरांत कापूस आहे. ‘ड्युको’ हा शब्द तर कंपनी सोडून लाकडी कपाटांपर्यंत पोहोचला.

१४/ आता पोर्चमधल्या त्या पांढुरक्या छताकडे. मुंबईची गाडी खाऱ्या हवेने गंजून आतून जाते. वऱ्हाडातली वरून भाजते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हातील अतिनील किरण रंगाला धरून ठेवणाऱ्या राळेचे बंध तोडतात, राळ झिजते आणि रंगद्रव्याचे कण सुटे होतात. तीच हाताला लागणारी भुकटी. मेलेला असतो तो फक्त वरचा पापुद्रा. त्याखाली बहुधा जिवंत रंग शिल्लक असतो, आणि गाडीचे भवितव्य इथेच ठरते.

१५/ पाण्याचीही एक गोष्ट आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाण पट्टा जातो. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या बाजूंची विहीर-बोअरची पाणी खारी आहेत. अशा पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळवली की थेंबाच्या जागी क्षारांची कडी उमटतात, आणि रंगाला चीर असेल तिथे तेच क्षार पत्र्याच्या गंजाला हातभार लावतात. राजापेठेत अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते. पण गाडी गावी नेली, तर धुणे टाळलेले बरे किंवा शेवटचा हात गोड पाण्याचा असावा.

१६/ जुन्या पिढीचा उपाय ठरलेला असे : फडक्यावर थोडे रॉकेल किंवा तेल घेऊन गाडी पुसायची. क्षणभर रंग उजळतो, कारण तेल सूक्ष्म खड्डे भरून काढते. मग त्याच तेलावर काळ्या मातीची धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशीचे कोरडे फडके तीच धूळ रंगावर घासते. उन्हात बॉनेटवर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे बहुतेक वेळा या प्रेमाचेच असतात.

१७/ रंग उजळवायचा तर आधी तो कोणता आहे, हे ओळखावे लागते. दाराच्या आतल्या काठावर, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने थेंबभर एनसी थिनर लावतात. रंग विरघळून बोळ्यावर आला तर लॅकर. सुरकुतला किंवा फुगला तर इनॅमल. ढिम्म राहिला तर कोणीतरी अलीकडे टू-पॅक पीयू मारलेला असणार. ही चाचणी न करता इनॅमलवर लॅकर फवारला, तर त्यातला द्रावक खालचा थर उचलतो आणि सारे काम खरवडून काढावे लागते.

१८/ त्यानंतरचे गणित कंजुषीचे आहे. कारखान्याच्या सर्व थरांची मिळून जाडी जेमतेम एक-दीड कागदाएवढी असते. कंपाउंड मारणे म्हणजे त्यातून थोडा रंग कापून काढणे. दर दिवाळीला हौसेने बफिंग करणाऱ्याच्या गाडीच्या कडा-कोपऱ्यांवर म्हणूनच आधी अस्तर आणि मग पत्रा दिसू लागतो. सौम्य शाम्पूने धुणे, चिकटलेली घाण क्ले बारने ओढून काढणे, सर्वांत बारीक कंपाउंडचा एकच हात आणि वर मेण, एवढ्यावर पुष्कळ गाड्या परततात. मेणांत नावाजलेले कार्नोबा. ते ब्राझीलच्या ईशान्येकडील एका ताडाच्या पानांवरून येते. उन्हात पानातील पाणी उडू नये म्हणून झाड ते स्वतःसाठी तयार करते. वऱ्हाडच्या उन्हात मात्र ते काही महिन्यांत विरते आणि पुन्हा लावावे लागते.

१९/ सोपा वाटणारा दुसरा मार्ग म्हणजे सगळा रंग खरवडून नवा मेटॅलिक मारणे. गाडी नवी दिसते, हे खरे. पण त्या खरवडण्यासोबत जे जाते ते परत येत नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांची जागतिक शिखरसंस्था ‘फिवा’ हिने २०१२ मध्ये मंजूर केलेली तुरीन सनद याच कारणासाठी सांगते की, जुन्या वाहनात हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा. वास्तूंच्या जतनात जे तत्त्व पूर्वीपासून मानले जाते, तेच येथे पत्र्याला लावलेले आहे. घरचीच गाडी आहे, प्रदर्शनात थोडीच न्यायची, हा युक्तिवाद ऐकू येतो. परंतु घरचीच आहे म्हणूनच तिचा मूळ रंग दुसऱ्या कोणाकडे मिळणार नाही.

२०/ आणि खरवडणारा माणूस? शेंदूर हे शिशाचेच संयुग, आणि लोखंडाला गंज लागू नये म्हणून ते अस्तरात पूर्वापार वापरले जाई. पिवळ्या-नारिंगी छटांतही शिसे असे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, ती २०१७ च्या अखेरीस लागू झाली. मोटारीचा रंग त्या नियमांत येत नाही. जुनी फियाट कोरड्या पेपरने घासणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून जे आत घेतो, ते रुमालाला अडत नाही. नव्या पीयू रंगाच्या हार्डनरमधील आयसोसायनेट तर दम्याचे ज्ञात कारण आहे. फवारणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हवा असतो. १९२१ मध्ये ओकीला पडलेला प्रश्न १०० वर्षांनंतरही बंद शटरच्या आत तसाच उभा आहे.

२१/ कायद्याचे थोडक्यात. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. नोंदणी पुस्तकात रंगाचा रकाना असतो आणि रंग बदलला तर परिवहन कार्यालयात नोंद बदलून घ्यावी लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, चॅसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेऊ शकते. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये या उंबरठ्यावर आल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली होती.

२२/ एखादा जाणता रंगारी काम हातात घेण्यापूर्वी डिकीच्या आतल्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा वॉटर पेपरने हलकेच घासतो. झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळे उमटतात. सर्वांत बाहेर मागच्या लग्नसराईत मारलेला पांढरा, मग मधला करडा, त्याखाली लांबीची फिकट कडा, मग आणखी एक रंग आणि मध्यभागी विटकरी अस्तर. अस्तराला लागून असलेले ते कडे नोंदणी पुस्तकातल्या रकान्याशी ताडून पाहायचे. जुळले, तर छटा बनवणाऱ्याकडे न्यायचा नमुना तोच.