हौसेचें मोल

हौसेला मोल नसतें असें आपल्याकडे म्हणतात. मीं आयुष्यभर शाळेंत अंकगणित शिकविलें, त्यामुळें ही म्हण मला कधींच पुरती पटली नाहीं. मोल असतें, हौशी माणूस त्याचा हिशेब ठेवीत नाहीं, इतकेंच. असा न ठेवलेला एक हिशेब अमेरिकेंत थेट न्यायालयांत मांडला गेला. हौस होती नाचाची, आणि त्यांतहि पदकें मिळविण्याच्या नाचाची. ती हकीकत आज सांगावयाची आहे. पण ती नीट कळावी म्हणून थोडें मागें जावें लागेल.

बॉलरूम नृत्य म्हणजे स्त्रीपुरुषांनीं जोडीनें, वाद्यवृंदाच्या तालावर, गुळगुळीत लाकडी जमिनीवर करावयाचें नृत्य. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो हीं त्यांतील प्रकारांचीं नांवें आपल्याहि कानांवर आलेलीं आहेत. पहिलें महायुद्ध संपलें आणि १९१९ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ भागांत 'पॅले' हें भव्य नृत्यगृह उघडलें. तिकीट काढलें कीं आंत प्रवेश. कुळशीलाची चौकशी नाहीं. अशीं नृत्यगृहें मग शहरोशहरीं निघालीं. दुकानांतील मुलगी, कचेरींतला कारकून, कारखान्यांतील कामगार, सारे एकाच जमिनीवर फिरूं लागले. येथवर या हौसेचें मोल म्हणजे एक तिकीट आणि झिजलेले जोडे, एवढेंच होतें.

पण जो तो आपल्या मनाप्रमाणें पावलें टाकतो, हें शिक्षकमंडळींना पाहवेना. त्यांची 'इंपीरियल सोसायटी' ही संस्था १९०४ पासून होतीच. तिनें १९२४ सालीं बॉलरूम नृत्यासाठीं निराळी शाखा काढली आणि कोणत्या नाचांत कोणतें पाऊल कसें पडावें, याचें जणूं व्याकरणच सिद्ध केलें. व्याकरण आलें कीं परीक्षा येतात आणि परीक्षांमागून पदकें येतात: ब्राँझ, रौप्य, सुवर्ण. हें मी उपहासानें म्हणत नाहीं. शाळेंत बक्षिसाचे बिल्ले वाटण्याचें काम मीं कित्येक वर्षें केलें आहे. पितळेच्या तुकड्यासाठीं मूल कसें धांवूं लागतें, तें मला ठाऊक आहे.

लँकेशायरच्या गिरण्यांतील मजूर वार्षिक सुटींत ज्या समुद्रकांठीं जात, त्या ब्लॅकपूल गांवीं एम्प्रेस बॉलरूममध्यें १९२० सालीं नृत्यमहोत्सव सुरू झाला. १९३१ पासून ब्रिटिश अजिंक्यपदाचे सामने तेथें होऊं लागले. धंदेवाईकांचे निराळे, हौशी लोकांचे निराळे.

आतां या हौशी स्पर्धकाचा खर्च पाहा. डोळ्यांत भरतो तो पोशाख. पुरुषाचा मागें लांब शेपटांचा काळा कोट हात खांद्याइतके उंच धरले असतां अंगाला नीट बसेल असा बेतावा लागतो. तयार कोट घेतला तर जोडीदारिणीला धरतांच खांदे कानांशीं जातात. स्त्रीच्या झग्याला, विशेषतः १९५० नंतरच्या काळांत, जाळीदार कापडाचे थरावर थर आणि त्यांवर असंख्य टिकल्या. कित्येक घरीं त्या आयांनीं रात्री बसून हातानें टांकल्या आहेत. टिकल्यांचे पैसे निदान मोजले जात. त्या रात्री कोणीं मोजल्या? नाचाचे जोडे मऊ कातडी तळाचे, म्हणून रस्त्यावर घालण्याच्या उपयोगाचे नाहींत. परंतु याहून मोठा खर्च डोळ्यांना दिसत नाहीं. तो शिकवणीचा. ती तासावर मोजली जाते आणि वर्षानुवर्षें चालते. शिवाय प्रवेशशुल्क आहे, प्रवास आहे, मुक्काम आहे. एवढें करून जोडीदार सोडून गेला कीं निम्मी मेहनत वायां. आणि पैसे घेऊन दुसऱ्यास शिकवावें म्हटलें, तर जुन्या नियमानें तो धंदेवाईक ठरे. म्हणजे खर्चाचें दार सताड उघडें आणि मिळकतीचें बंद.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. व्हिक्टर सिल्व्हेस्टर हा १९२२ सालचा जागतिक विजेता. त्यानें १९३५ सालीं काटेकोर तालाचा वाद्यवृंद उभारला आणि १९४१ पासून, महायुद्ध चालू असतांना, ब्रिटिश नभोवाणीवरून नृत्याचे धडे दिले. रेडिओचा परवाना तेव्हां वर्षाला दहा शिलिंग होता. खुर्च्या बाजूला सारल्या कीं बैठकीच्या खोलीचें नृत्यगृह होई. तेव्हां नाच शिकणें मुळांत महाग नव्हतें. महाग होती ती पुढची पायरी.

अमेरिकेंत या पायऱ्यांचाच व्यापार झाला. आर्थर मरे या गृहस्थांनीं पावलांचे नकाशे टपालानें विकून आरंभ केला आणि पुढें त्यांच्या नांवाच्या शाळा देशभर निघाल्या. १९६१ सालीं फ्लोरिडांतील क्लिअरवॉटर येथील अशा एका शाळेंत पन्नाशीच्या सुमारास असलेली एक एकटी विधवा गेली. साडेचौदा डॉलरांत अर्ध्या तासाचे आठ धडे, असा पहिला सौदा होता. पुढें तिच्या दाव्यांत म्हटल्याप्रमाणें, तुमच्या अंगीं उपजत डौल आहे, तुम्ही निष्णात नर्तकी व्हाल, अशी स्तुति होत गेली. आधीं ब्राँझ पदक, मग रौप्य, मग सुवर्ण, वर परदेशच्या सहली. सोळा महिन्यांच्या आंत बाईंनीं चौदा अभ्यासक्रम विकत घेतले: २,३०२ तास, किंमत ३१,०९० डॉलर ४५ सेंट. वस्तुतः तिला संगीताचा ठेकाहि नीट कळत नसे, असें तिच्याच दाव्यांत आहे.

माझी जुनी खोड म्हणून मीं भागाकार केला. पहिल्या सौद्यांत तासाला साडेतीन डॉलरांहून किंचित् अधिक पडले; एकंदर हिशेबांत सरासरी साडेतेरा. आणि विकत घेतलेले सारे तास त्या सोळा महिन्यांत संपवावयाचे म्हटले, तर रोज जवळजवळ पांच तास नाचलें पाहिजे!

बाई भोळी होती असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण घरीं बोलावयास कोणी नसतां "तुम्ही सुंदर नाचतां" हें वाक्य ऐकावयास मिळत असेल, तर त्याचा दर कोणत्या कोष्टकांत बसवावा? खालच्या न्यायालयानें दावा काढून टाकला होता. १९६८ सालीं अपील न्यायालयानें तो पुन्हां जिवंत केला. नुसतें मत सांगणें ही एरवीं फसवणूक नव्हे. परंतु सांगणाऱ्याचें ज्ञान ऐकणाऱ्याहून फार वरचढ असेल तर त्या मतालाहि जाब द्यावा लागेल, असें त्या न्यायालयाचें म्हणणें पडलें.

पुढें वॉशिंग्टनच्या आर्थर मरे शाळेच्या प्रकरणांत व्यापार आयोगानें शिष्याशीं करावयाच्या करारास १,५०० डॉलरांची मर्यादा घातली आणि १९७२ सालीं अपिलांतहि ती टिकली. त्या बाईंना पडलेल्या सरासरी दरानें पाहिलें तर एवढ्या पैशांत सुमारें १११ तास पदरांत पडतात. रोज एक तास धरला तर पावणेचार महिन्यांचा नाच.