पहारेकऱ्याला गुपित कशाला सांगायचं?

अमरावतीत पत्ता सांगताना आम्ही दरवाज्यांची नावं घेतो. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट. हे दरवाजे ज्या भिंतीचे, त्या परकोटाचं बांधकाम निजामाच्या राजवटीत १८०७ साली सुरू झालं. कारण होतं पेंढारी. गावात श्रीमंत व्यापारी होते आणि पेंढाऱ्यांना त्याचा वास लागला होता. भिंत दगडी, २० ते २६ फूट उंच, घेर सव्वादोन मैलांचा. तिला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यातल्या एका खिडकीचं नाव खुनारी. १८१८ साली तिच्याजवळ झालेल्या मारामारीत ७०० माणसं मेली, असं जुनं गॅझेटियर सांगतं.

भिंत बांधायला दगड आणि पैसा लागतो. खरी अडचण दारात असते. समोरचा माणूस म्हणतो, मी अमुक. त्याचं ऐकायचं की नाही? वेबसाइट बांधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि रोज मी याच प्रश्नाशी झटतो. तुमच्या फोनवर दिसणाऱ्या लॉगिनच्या दोन चौकटी म्हणजे हाच प्रश्न. पहिल्या चौकटीत तुम्ही कोण ते सांगता, दुसऱ्या चौकटीत ते पटवून देता. यूजरनेम हे नाव, ते जगाला माहीत असलं तरी चालतं. पासवर्ड ही खूण, ती फक्त तुमची.

नाव आणि खूण वेगळी ठेवायची, हे व्यापाऱ्यांना संगणकाच्या फार आधी कळलं होतं. वऱ्हाडातल्या कापसाचा पैसा गाडीत घालून नेणं म्हणजे लुटारूंना आवतण. म्हणून हुंडी. इथल्या पेढीने कागद लिहायचा, दूरच्या शहरातल्या पेढीने तो पाहून पैसे द्यायचे. पण कागद चोरीला गेला तर? शाहजोग हुंडीचे पैसे कोणा ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत, बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत. रक्कम नुसती आकड्यात लिहून भागत नसे. १०० रुपये असतील तर ‘निमे पन्नास, त्याची दुप्पट’ अशीही लिहीत, म्हणजे एक शून्य वाढवून खपवणं अवघड. हुंडी लिहिल्याची खबर बहुधा वेगळ्या पत्राने जाई. एक खूण कागदावर, दुसरी दुसऱ्या वाटेने. पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर येणारा ओटीपी याच घराण्यातला.

ही सोय पेढीवाल्यांची झाली. कुणब्याच्या वाट्याला आला अंगठा. बंगालमधला इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल याने १८५८ साली एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी ठशांच्या वर्गवारीचं मोठं काम केलं, पण पद्धतीला नाव मिळालं त्यांचा साहेब एडवर्ड हेन्री याचं. मराठीत मात्र या सगळ्यातून एक शिवीच उरली, ‘अंगठाबहाद्दर’.

ठसा खरा असतो, यात वाद नाही. पण अंगठा उठवणाऱ्याला वर काय लिहिलंय ते वाचता येत नसे आणि कागद सावकाराच्या पेटीत राही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. ओळख पटवणारी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असली की माणूसही त्याच्या ताब्यात जातो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

आता संगणकाकडे येऊ. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोरबातो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्यांनी पासवर्ड आणला. सगळ्यांचे पासवर्ड एका फायलीत जसेच्या तसे ठेवले होते. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम केलं. १९६६ साली तर कहरच झाला. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पडद्यावर सगळ्यांचे पासवर्ड झळकले.

दोन्ही वेळा भिंत शाबूत होती. पहारेकऱ्याच्या खिशातली यादी बाहेर पडली.

इथून पुढचा शोध मला फार आवडतो. केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी १९६० च्या दशकात विचारलं, पहारेकऱ्याला गुपित माहीत असायची गरजच काय? ते ओळखता आलं की पुरे. अकोल्याच्या डाळमिल पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. हरभऱ्याची डाळ होते, डाळीचं बेसन होतं, पण बेसनापासून हरभरा परत होत नाही. तुम्ही पासवर्ड दिला की संगणक तो दळतो आणि फक्त पीठ जपून ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकला की पुन्हा दळायचं आणि दोन पिठं ताडून पाहायची. जुळली तर दार उघडायचं. यादी चोरीला गेली तरी चोराच्या हाती पीठ लागतं, दाणा लागत नाही.

पण चोरही हुशार असतो. तो नेहमीचे शब्द आधीच दळून ठेवतो आणि पीठ जुळवत बसतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली यावर एक निबंध लिहिला. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे होते. त्यांचा एक उपाय होता चिमूटभर मीठ. खरंच, त्याला नावच मीठ आहे. प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये दळण्याआधी वेगवेगळी अक्षरं मिसळायची. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं निघतं आणि चोराचं आधीचं दळण वाया जातं. दुसरा उपाय, मुद्दाम हळू दळायचं. १९९९ साली आलेली बीक्रिप्ट ही पद्धत म्हणजे गिरणी सोडून जात्यावर बसणं. तुम्हाला एकदाच दळायचंय, पाव सेकंद गेला तर कळतही नाही. चोराला कोट्यवधी शब्द दळायचे असतात. त्याचे हात मोडतात.

एवढं सगळं माहीत असून २००९ साली रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा ते जसेच्या तसे लिहिलेले होते. त्यात सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. आणि हे फक्त तिकडेच होतं असं समजू नका. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वेबसाइटवर मी ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबलं, तर ईमेलमध्ये माझा जुना पासवर्ड अक्षर न अक्षर परत आला. तो परत देता आला, याचाच अर्थ दाणा त्यांच्या कोठारात तसाच पडून होता. तुम्हालाही असा ईमेल आला, तर तो पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तिथून आजच काढा.

पण वऱ्हाडात माझ्या मनाला लागलेली गोष्ट याहून साधी आहे. २०१७ साली कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज भरावे लागले. पुढे शिष्यवृत्ती, पीकविमा, अवजारांचं अनुदान, सगळ्यालाच लॉगिन आलं. राबून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, आणि पासवर्ड लक्षात ठेवायचा तर रोज लागत नाही. अकोला जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मी एक वही पाहिली. शंभर पानी, रेघांची. गावातल्या माणसांची नावं, पुढे यूजरनेम, पुढे पासवर्ड, निळ्या शाईत. एक काका चालवणाऱ्या पोराला सांगत होते, “मले काई समजत नाई त्यातलं, भाऊ. तुह्याजवळच राहू दे.”

तो पोरगा सावकार नाही. तो नसता तर त्या गावातले निम्मे अर्ज भरलेच गेले नसते. पण ती वही उद्या कोणाच्या हाती पडेल, हे त्यालाही सांगता येणार नाही. बीक्रिप्ट, मीठ, जातं हे सगळं त्या वहीच्या पलीकडे राहतं. साठ वर्षांत आम्ही यंत्राला एक गोष्ट शिकवली, दुसऱ्याचं गुपित स्वतःजवळ ठेवू नकोस. काकांचं गुपित काकांपाशीच राहील असं दार बांधणं मात्र अजून बाकी आहे. ते दार पिठाच्या गणिताने बनणार नाही. त्यासाठी आधी त्या काकांच्या शेजारी बसावं लागेल.