पाच किलोचं सिंगर

शिलाई मशीन परवडणारं हवं आणि हलकंही हवं, असं आपण एका दमात म्हणतो. पण या दोन गोष्टी जमायला पाऊणशे वर्षांहून जास्त अंतर पडलं. परवडण्याचा प्रश्न सिंगरच्या एडवर्ड क्लार्कने १८५६मध्ये हप्त्यांवर सोडवला: थोडे पैसे भरा, मशीन घरी न्या, बाकीचे सवडीने. आपल्या ईएमआयचे हे पणजोबाच. वजन मात्र तसंच राहिलं. ओतीव लोखंडाच्या मशीनवर लाकडी पेटी ठेवून वर मूठ लावली, की झालं ते ‘पोर्टेबल’!

मग १९३३मध्ये फेदरवेट २२१ आलं. सांगाडा ॲल्युमिनियमचा, वजन जेमतेम पाच किलो, पुढची पाटी बिजागरीवर वर दुमडणारी. टाका फक्त सरळ, झिगझॅग नाही. काय गाळायचं हे ज्याने ठरवलं, त्याला मी मानतो. उत्पादन थांबून पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी अमेरिकेत गोधड्या शिवणारे लोक जुनी फेदरवेट शोधून क्लासला नेतात.

तिकडून कोणी आणणार असेल, तर मोटरवरची पट्टी आधी वाचा. अमेरिकेतली ११० व्होल्टची मोटर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर जळेल.