‘रेक लागला’ म्हणजे नेमकं काय? खत, कांदा आणि रेल्वेच्या बातमीतला रोजचा शब्द

खरीप सुरू झाला की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ हमखास फिरते. ‘युरियाचा रेक लागला.’ ओळ वाचली की दुसऱ्या दिवशी सकाळी कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते आणि दुकानदार म्हणतो, ‘अजून माल आला नाही.’ मग वादावादी होते. रेक लागला हे खरं असतं आणि दुकानात माल नाही हेही बऱ्याच वेळा खरं असतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे कळायला हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो.

रेक म्हणजे काय?

रेल्वेच्या भाषेत एकमेकांना जोडलेल्या डब्यांचा किंवा वाघिणींचा जो पूर्ण संच असतो, त्याला रेक म्हणतात. यात इंजिन धरत नाहीत. इंजिन वाटेत बदलतं, माल उतरवताना सुटून दुसरीकडेही जातं, पण मागचा संच तोच राहतो. तो संच म्हणजे रेक. त्याला इंजिन लागलं, गार्ड चढला आणि तो मार्गाला लागला की त्याची झाली मालगाडी. बैलगाडीचंच उदाहरण घ्या. बैल सोडले तरी भरलेली गाडी खळ्यावर उभी असते. रेकचं तसंच आहे.

इंग्रजीत याच स्पेलिंगचा शब्द शेतातल्या दंताळ्यालाही आहे. पण रेल्वेच्या बातमीत दंताळ्याचा अर्थ घ्यायचा नाही.

वाघीण, डबा आणि रेक

हे तीन शब्द बातम्यांमध्ये एकमेकांत मिसळतात. माणसं बसतात तो डबा. माल भरतात ती वाघीण. ‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाचं मराठी तोंडात ‘वाघीण’ झालं आणि तेच रुजलं. म्हणून ‘मालगाडीच्या चार वाघिणी घसरल्या’ अशी बातमी आली तर त्याचा जंगलाशी संबंध नाही. अशा अनेक वाघिणी जोडल्या की एक रेक होतो.

वाघिणीही एका प्रकारच्या नसतात. खत, धान्य, सिमेंट, साखर यांना पावसापासून वाचवायचं म्हणून बंद वाघीण लागते. तिला रेल्वेवाले बीसीएन म्हणतात. कोळशाला वरून उघडी वाघीण चालते. पेट्रोल, डिझेलला टाकीची वाघीण लागते.

टाकीच्या वाघिणी मराठवाड्याने जवळून पाहिल्यात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. नंतर ५० वाघिणींचा रेक सुरू झाला आणि एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं. या टाक्या आधी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात धुऊन साफ केल्या होत्या.

‘लागला’ म्हणजे काय?

एसटी स्टँडवर आपण ‘गाडी लागली’ म्हणतो, म्हणजे बस फलाटाला येऊन उभी राहिली. (प्रवासात मळमळ झाली तरी ‘गाडी लागली’ म्हणतात, पण ते वेगळं.) रेकचंही असंच. मालगाडी स्टेशनात आली म्हणजे लगेच रेक लागला असं होत नाही. तिला मालधक्क्याच्या रुळावर आणून माल उतरवण्यासाठी उभी केली की रेक ‘लागला’. ज्या स्टेशनवर अशी सोय आहे, त्याला ‘रेक पॉइंट’ म्हणतात. तो प्रत्येक तालुक्यात नसतो. कित्येक जिल्ह्यांना एक-दोन रेक पॉइंटवर भागवावं लागतं, तर काहींचा माल शेजारच्या जिल्ह्यात उतरून ट्रकने येतो.

रेक लागला की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या तासांत वाघिणी रिकाम्या केल्या नाहीत तर रेल्वे दंड लावते, त्याला ‘डेमरेज’ म्हणतात. माल वाघिणीतून उतरवला पण धक्क्यावरच पडून राहिला, तर त्याचं वेगळं भाडं लागतं, ते ‘व्हार्फेज’. म्हणून रेक लागला की रात्र असो की सुट्टी, हमालांच्या टोळ्या आणि ट्रकांची रांग धक्क्यावर दिसते.

एका रेकमध्ये किती खत?

खताचा बीसीएन रेक साधारण ४२ वाघिणींचा असतो आणि त्यात सुमारे २,६०० टन माल बसतो. रेकची लांबी साडेसहाशे मीटरच्या आसपास भरते. काही नव्या पद्धतीच्या रेकमध्ये याहून जास्त माल येतो, तर कधी अर्धाच रेक एका स्टेशनवर उतरतो आणि उरलेला पुढच्या स्टेशनवर जातो. त्याला ‘टू पॉइंट रेक’ म्हणतात.

२,६०० टन ऐकायला फार मोठं वाटतं. आता गोणीचा हिशेब करू. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, ती २०१८ पासून ४५ किलोची झाली. २,६०० टन म्हणजे २६ लाख किलो. त्याला ४५ ने भागलं तर सुमारे ५७ हजार ७०० गोण्या होतात. १६ टनांचा ट्रक धरला तर १६० च्या वर खेपा लागतात.

समजा जिल्ह्यात १ हजार गावं आहेत. पूर्ण रेक त्याच जिल्ह्याला मिळाला आणि एकही गोणी मागे ठेवली नाही, तरी गावाच्या वाट्याला ५७ गोण्या येतात. एकरी एक गोणी टाकायची म्हटली तर ५७ एकर. गावची मका आणि कपाशी मिळून त्याच्या कितीतरी पट असते. म्हणून ‘रेक लागला’ ही बातमी आनंदाची असली तरी ‘टंचाई संपली’ असा तिचा अर्थ होत नाही. बातमीत रेक किती टनांचा, किती जिल्ह्यांचा आणि कोणत्या खताचा, या तीन गोष्टी शोधायच्या. त्या नसतील तर बातमी अर्धी आहे.

रेक ते दुकान

युरिया कारखान्यातून किंवा बंदरातून निघतो. महाराष्ट्रात आरसीएफचे कारखाने अलिबागजवळ थळ इथे आणि मुंबईत ट्रॉम्बेला आहेत. आयात केलेलं खत गुजरातच्या कांडला, मुंद्रा अशा बंदरांतूनही येतं. रेक धक्क्याला लागल्यावर कोणत्या तालुक्याला आणि कोणत्या विक्रेत्याला किती माल, याचं नियोजन कंपनी आणि कृषी विभाग करतात. काही माल संरक्षित साठा म्हणून बाजूला ठेवतात. मग ट्रक भरतात, विक्रेत्याकडे माल पोचतो, त्याच्या नावावर ऑनलाइन नोंद होते आणि त्यानंतर ई-पॉस मशीनवर अंगठा घेऊन विक्री होते. या सगळ्याला दोन-चार दिवस सहज जातात. पाऊस लागला, हमाल कमी पडले किंवा ट्रक मिळाले नाहीत तर आणखी उशीर होतो.

इथेच शेतकऱ्याचा पैसा जातो. ‘रेक पॉइंटवरून भाडं पडलं, हमाली पडली, म्हणून गोणीला जास्त द्या,’ असं काही ठिकाणी सांगितलं जातं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे ठरलेली आहे. रेल्वेच्या आणि पुढच्या रस्त्याच्या वाहतुकीचा खर्च केंद्र सरकार कंपन्यांना अनुदानातून देतं. गोणीवर छापलेल्या किमतीच्या वर दुकानात भाड्याच्या नावाने पैसे घेता येत नाहीत. दुकानातून घरी न्यायचा खर्च तेवढा आपला.

खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे विक्रेत्याने साठा आणि दर यांचा फलक दिसेल असा लावायचा असतो आणि पावती द्यायची असते. तेव्हा ‘रेक आला का?’ एवढंच विचारू नका. ‘तुमच्या दुकानाला किती आला? फलकावर किती आहे?’ असं विचारा. समाधान झालं नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पावतीसह लेखी तक्रार करा. पावतीशिवाय तक्रार टिकत नाही.

‘रेक मिळत नाही’

खताचा रेक येतो, तर कांद्याचा रेक जातो. नाशिक भागात लासलगाव, मनमाड, नगरसूल या नावांसोबत हा शब्द सारखा ऐकू येतो. ‘रेक मिळत नाही, म्हणून माल उठत नाही,’ असं व्यापारी म्हणतात. याचा अर्थ असा की व्यापाऱ्याने रेल्वेकडे रिकाम्या वाघिणींची मागणी नोंदवली, पण वाघिणी अजून आल्या नाहीत. या मागणीला ‘इंडेंट’ म्हणतात. रेक उशिरा मिळाला की खळ्यावर माल साचतो, आणि त्याचा झटका लिलावात शेतकऱ्याला बसतो.

कांद्याच्या रेकचं वजन मात्र खतापेक्षा कमी भरतं, कारण कांद्याला हवा लागते आणि गोण्या ठासून भरता येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला कांदा लासलगावहून रेल्वेने दिल्लीच्या किशनगंज स्टेशनला गेला, तो सुमारे १,६०० टन होता. ‘कांदा एक्स्प्रेस’ म्हणून त्याच्या बातम्या झाल्या.

पूर्ण रेक भरला तर रेल्वेचा दर कमी पडतो, सुट्या वाघिणींना जास्त. त्यामुळे हा मार्ग मोठ्या व्यापाऱ्याचा, एकट्या शेतकऱ्याचा नाही. ही अडचण काढण्यासाठी ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल सुटली. तिच्यात थोडा मालही देता येत होता आणि वाटेतल्या स्टेशनांवर चढवता-उतरवता येत होता. भाजीपाला आणि फळांच्या भाड्यात ५० टक्के सवलत दिली गेली. शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० ला सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली.

प्रवासी गाडीलाही रेक असतो

‘रेक उशिरा आल्याने गाडी दोन तास उशिरा सुटेल,’ अशी सूचना स्टेशनवर होते. एकच डब्यांचा संच एका नावाने येतो आणि साफसफाई करून दुसऱ्या नावाने परत जातो. येणारी गाडी रखडली की जाणारी आपोआप रखडते. म्हणून आपली गाडी जिथून सुटते, तिथे तिचा रेक कोणत्या गाडीचा येतो हे माहीत असेल, तर घरून किती वाजता निघायचं याचा अंदाज लागतो. मुंबईत ‘१२ डब्यांचा रेक’, ‘एसी लोकलचा रेक’ म्हणतात, तेही याच अर्थाने.

लिहायचं कसं?

काही बातम्यांत ‘रॅक’ छापलेलं दिसतं. रॅक म्हणजे सामान ठेवायची मांडणी, दुकानातली किंवा कपाटातली. रेल्वेचा शब्द ‘रेक’ आहे. ‘रेक लागला’ आणि ‘रेक लागली’ दोन्ही ऐकू येतं, पण छापील बातमीत ‘लागला’ जास्त वापरतात.

थोडक्यात

- रेक आला: माल स्टेशनला पोचला, दुकानात नाही.
- रेक लागला: धक्क्यावर उभा राहिला, उतरवणं सुरू होणार.
- रेक खाली झाला: माल उतरला, आता ट्रकने तालुक्याला निघेल.
- रेक मिळत नाही: रिकाम्या वाघिणी अजून आल्या नाहीत.
- अर्धा रेक: वरच्या हिशेबातल्या गोण्याही निम्म्याच धरायच्या.

पुढच्या वेळी ग्रुपवर ‘रेक लागला’ आलं तर रांगेत उभं राहायच्या आधी दुकानदाराला एक फोन करा आणि माल त्याच्या नावावर चढला का ते विचारा. दिवसाची मजुरी वाचेल.